रजिस्टर पार्सल

"बाई काय म्हणाल्या?"

"कुठल्या?"

चिरंजिवांच्या या एका शब्दानं माझी वर्षभराची विद्वत्ता मटकन खाली बसली. चौथीपर्यंत हा प्रश्नच नव्हता. चौथीपर्यंत बाई म्हणजे बाई. मराठी त्याच शिकवायच्या, गणित त्याच, डबा संपला का ते त्याच बघायच्या, कुणाला ओकारी झाली तर पाठीवरून हात त्याच फिरवायच्या. पाचवीच्या पहिल्या दिवशी पोरगा घरी आला तो सहा बाई आणि दोन सर घेऊन. एकाचंही नाव सांगता येईना. "त्या उंचवाल्या." "त्या गणिताच्या, पण गणिताच्या नाही, दुसऱ्या." "ते शिट्टीवाले."

एखाद्या साध्यासुध्या आईच्या बाबतीत हे झालं असतं तर ठीक होतं. पण मी साधीसुधी आई नाही. मी एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत पालकत्वावर सदर लिहिते. सदराच्या माथ्यावर माझा फोटो असतो, हनुवटीखाली मूठ टेकवलेला. माणसाला काही कळत नसलं तरी हनुवटीखाली मूठ ठेवली की लोक सल्ला विचारायला येतात, हा माझा सहा वर्षांचा अनुभव आहे. त्या मुठीच्याच भरवशावर मुलाच्या शाळेनं मला एप्रिल महिन्यात चौथीच्या पालकांसमोर बोलायला बोलावलं. विषय : 'चौथीतून पाचवीत : पालकांची भूमिका'. वेळ : वीस मिनिटं. मी एक्केचाळीस मिनिटं बोलले. नवऱ्यानं मोबाइलवर चित्रण केलं म्हणून आकडा बिनचूक सांगता येतो.

काय बोलले? मुलांना मोकळीक द्या, म्हणाले. त्यांचं दप्तर त्यांना भरू द्या. शाळेतून आल्या आल्या प्रश्नांची सरबत्ती करू नका, मूल आपणहून बोलेल. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गृहपाठ विचारणं म्हणजे मुलाचे पाय आपणच पांगळे करणं. हे वाक्य मी दोनदा म्हटलं, कारण पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मागच्या रांगेतले एक गृहस्थ मोबाइलमध्ये बघत होते.

शेवट मात्र मी राखून ठेवला होता. माझी स्वतःची पाचवी! साल १९८७, पाटण तालुक्यातलं आमचं गाव, गावात शाळा चौथीपर्यंतच, हायस्कूल चार किलोमीटरवर बाजारगावात. "रोज चार किलोमीटर," मी म्हणाले, आणि इथं घोटभर पाणी प्यायले, "चिखल तुडवत, ओढा ओलांडत, दहा वर्षांची एक मुलगी…" पहिल्या रांगेतल्या एका आईनं रुमाल काढला. टाळ्या बऱ्याच वेळ वाजल्या. घरी येताना मी रिक्षात गप्प होते. स्वतःच्याच भाषणानं आपण भारावतो तेव्हा बोलवत नाही.

मग जून आला.

आता आमच्या राज्यात पाचवी हे काय प्रकरण आहे ते बघा. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याप्रमाणे प्राथमिक म्हणजे पहिली ते पाचवी. पण आपल्याकडे पूर्वापार गाडी चौथीला थांबते आणि पाचवीचा डबा बऱ्याच ठिकाणी हायस्कूलच्या इंजिनाला जोडलेला असतो. म्हणजे माझा मुलगा कायद्यानं अजून प्राथमिकमध्ये आहे आणि दप्तरानं माध्यमिकमध्ये. त्यातून सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये फर्मान काढलं, की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नका, लेकरांची झोप होत नाही. फार चांगलं केलं. पण चौथीपर्यंतच! पाचवीत गेलेल्या पोराला झोप लागत नाही, असा शासनाचा समज दिसतो. माध्यमिक विभाग सकाळचा. घंटा ७ वाजून १० मिनिटांनी. मार्चपर्यंत साडेआठला उठणारं माझं लेकरू जूनमध्ये पावणेसहाला उठून, डोळे मिटून, दात घासताना ब्रश गालावर फिरवतं.

अभ्यासातली उडी तर विचारूच नका. चौथीत वर्षभर शिवाजी महाराज. पोरं नुसती पेटलेली असतात, घरातल्या लाटण्यांच्या तलवारी होतात. पाचवीला इतिहास उघडावा तर आदिमानव. एका मे महिन्यात साडेतीनशे वर्षांपूर्वीहून एकदम लाखो वर्षं मागं! राज्याभिषेक बघून आलेल्या पोराला दगडाची हत्यारं दाखवली की तो खचणारच. "आई, यांच्याकडे घोडेपण नव्हते?" त्यानं विचारलं. त्या आवाजात जी निराशा होती ती मी सदरात कुठं मांडलेली नाही.

पण पाचवीची खरी खूण तास नाही, घंटा नाही, आदिमानव तर नाहीच. पाचवीची खूण म्हणजे पेन. इथं मला पेनाबद्दल थोडं सांगितलंच पाहिजे. संपादक दरवेळी हा भाग कापतात, म्हणून दरवेळी मी तो आधीपेक्षा मोठा करते.

आमच्या वेळी चौथीपर्यंत पाटी आणि फार तर शिसपेन्सिल. पाचवीत गुरुजी जाऊन सर आले, ए बी सी डी आली (इंग्रजी पहिलीपासून व्हायला २००० साल उजाडावं लागलं), आणि शाईचा पेन आला. बॉलपेनला बंदी. बॉलपेननं अक्षर बिघडतं, असं सर सांगायचे, आणि सरांचं स्वतःचं अक्षर बघता ते बॉलपेननंच शिकले असावेत. पेनात शाई भरणं हा रविवार संध्याकाळचा विधी. जुनं वर्तमानपत्र अंथरायचं, कंदील जवळ ओढायचा, ड्रॉपरनं शाई ओढायची आणि श्वास रोखून सोडायची. काठोकाठ भरायचा मोह आवरला पाहिजे, नाहीतर पेन फिरवून बंद करताना शाई बोटांवर. तो मोह मला कधी आवरला नाही. आटे ढिले झाले की दोरा गुंडाळायचा. निब रुसली की फटीतून ब्लेडचं पान हलकेच फिरवायचं. जरा जोर झाला की निबेचे दोन पाय दोन दिशांना, एक सातारला आणि एक चिपळूणला. पेन खाली पडला तर नेमका नाकावर पडायचा. आयुष्यात पुढं बरीच पडझड पाहिली, पण वर्गातल्या शहाबादी फरशीवर निब वाकल्याचा तो 'टक्' आवाज आठवला की अजून पोटात कालवतं.

शिवाय उसनवारी. ऐन तासाला शाई संपली की शेजारणीकडून थेंब उसने घ्यायचे. तिच्या पेनाची निब माझ्या उघड्या पेनावर धरून ती झटकायची, एक, दोन, तीन, चार. चार थेंबांत अर्धं पान होतं. हिशेब तोंडी, पण चोख. मी एकीचे बावीस थेंब देणं लागत होते आणि ती ते दहावीच्या निरोप समारंभातही विसरली नव्हती. गळणारा पेन पुसायची जागा म्हणजे डोक्याचे केस. पण आमच्या वेण्यांना इतकं तेल की शाई धरायचीच नाही, ती ओघळून कानामागं यायची. तेव्हाचा माझा कुठलाही फोटो पाहा, कान निळा आहे. फोटो काळेपांढरे असल्यामुळे हे फक्त मलाच दिसतं.

आणि दौत! दौतीवर उंट. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाईची पूड आणि गोळ्या बनवायला सुरुवात केली तेव्हा छाप घोड्याचा होता. उंट नंतर आला आणि मग कॅमलिन घराघरांत गेली. माझ्या वाट्याला उंट. रोज संध्याकाळी त्या उंटाकडे बघत मी निबंध लिहायची. उंटावरून शेळ्या हाकायचं बाळकडू मला बहुधा त्या दौतीतूनच मिळालं. आज मी सदर लिहिते ते काही उगाच नाही.

तर सांगायचं म्हणजे, चिरंजिवांनी अख्खी चौथी "पाचवीत पेन मिळणार" या एका आशेवर काढली. पहिल्याच दिवशी त्याला मी जेलपेनांचं पाकीट दिलं. (शाईचा पेन देऊन पाहिला. त्यानं तो मोबाइल धरतात तसा दोन अंगठ्यांत धरला.) संध्याकाळी तो लिहीत बसला आणि पाच मिनिटांनी वही घेऊन आला.

"आई, याला खोडायचं कसं?"

"याला खोडायचं नसतं. काट मारायची."

"मग चुकलेलं दिसतं की."

माझे डोळे चमकले. मी धावत जाऊन टिपणवही आणली. 'चुकलेलं दिसतं की' : काय मथळा आहे! नऊशे शब्द एका बैठकीत लिहिले. लिहून उठले तेव्हा तो टेबलावर डोकं ठेवून झोपला होता, आणि वहीचं पान रबरनं घासून घासून फाटलं होतं. त्याला उत्तर द्यायचं राहूनच गेलं.

भाषणातली बाकीची कलमं एकेक करून गळाली. प्रश्नांची सरबत्ती करायची नाही, हे मी दुपारी साडेबारापर्यंत पाळते. तो साडेबाराला येतो. दप्तर त्याचं त्याला भरू दिलं, तर मंगळवारी सोमवारचं वेळापत्रक आणि बुधवारी सगळ्याच दिवसांची पुस्तकं. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावं असा नियम आहे. पोरगा २९ किलो. शंका आली म्हणून रद्दीवाल्याच्या काट्याला दप्तर अडकवलं, तर काटा साडेपाचला थांबला. "देणार का ताई?" रद्दीवाला म्हणाला. "पुस्तकांना वेगळा भाव आहे." तिसरी-चौथीत निदान पाठ्यपुस्तकातच वहीची पानं शिवलेली असायची, ओझं कमी व्हावं म्हणून. पोरगा पाचवीला पोचेपर्यंत ती कल्पना मोडीत निघाली.

राहिला ग्रुप. आमचे ग्रुप दोन : 'पाचवी ब', ज्यात वर्गशिक्षिका आहेत, आणि 'पाचवी ब फक्त पालक', ज्यात खरं काय ते बोललं जातं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यातला गुरुवार, रात्रीचे दहा वाजून वीस मिनिटं. चिरंजीव झोपेत बरळावेत तसे म्हणाले, "उद्या चित्रकलेला काहीतरी आणायचंय." काय ते सांगायच्या आत झोपले. मी काही क्षण माझ्या तत्त्वांशी झगडले. काही म्हणजे फार नाही. मग ग्रुपवर लिहिलं : 'उद्या चित्रकलेला काय आणायचंय, कुणी सांगेल का? अर्जंट.' अकरा सेकंदांत उत्तर आलं. एप्रिलमध्ये मागच्या रांगेत मोबाइल बघत बसलेल्या त्या गृहस्थांचं. 'मुलाचे पाय आपणच पांगळे करणं,' एवढंच, आणि पुढं हात जोडल्याची खूण. म्हणजे ऐकत होते तर! (जुने वर्तमानपत्र आणि भेंडी आणायची होती. ठशांसाठी. रात्री साडेदहाला भेंडी.)

इथवर मी हसत होते. सोमवारी गाडी जरा अडली.

सोमवारी शाळेच्या कोपऱ्यावर, रसवंतीगृहापाशी, त्यानं स्कूटरवरून उतरून दप्तर पाठीला लावलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई, उद्यापासून इथंच सोड. फाटकापर्यंत येऊ नको."

"का रे?"

"मुलं हसतात. मी चौथीत नाही आता." थोडं थांबून, "आणि हेल्मेट घालून पापी नको घेऊ. लागतं."

मी म्हटलं, "बरं." मुलांना मोकळीक द्या. एक्केचाळीस मिनिटं. तो गेला. फाटकातून आत जाताना वळून बघेल म्हणून मी थांबले. त्यानं वळून बघितलं, मी अजून आहे का ते पाहायला, आणि मी आहे म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्याला आनंद म्हणता येणार नाही.

त्याच दुपारी आईचा फोन आला. नवऱ्यानं ते भाषण अखेर कापूनकुपून घरच्या ग्रुपवर टाकलं होतं, आणि आईनं गावी भाच्याच्या मोबाइलवर ते चष्मा लावून सबंध ऐकलं होतं.

"चांगलं बोललीस," आई म्हणाली. "साडी कुठली ती? पण मला एक सांग, तू चालत कधी जात होतीस गं?"

"म्हणजे? हायस्कूलला. चार किलोमीटर."

"आगं कुठलं चालत! ह्यांच्या सायकलवरनं जात हुतीस की. टपालाच्या पिशवीवर बसून."

मी हनुवटीखालची मूठ काढली.

खरं होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, गावच्या पोस्टात होते. रोज साडेदहाला टपाल आणायला सायकलनं बाजारगावच्या मोठ्या पोस्टात जायचे. कॅरिअरवर टपालाची पिशवी आणि पिशवीवर मी. चालले असेन मी, नाही असं नाही. अण्णा रजेवर असले की, ओढ्याला फार पाणी आलं की. मोजून वर्षाला दहाबारा वेळा. तेवढ्यावर मी अडतीस वर्षं भाषणं देत आले. चिखल तुडवला होता तो अण्णांनी. सायकल खांद्यावर घेऊन.

"चालत जायच्या म्हणशील," आई पुढं म्हणाली, "तर चालत जायची पाळी ज्यांची हुती, त्या गेल्याच न्हाईत."

आमच्या चौथीत नऊ मुली होत्या. पाचवीत तीन गेलो. एक सरपंचांची, त्यांच्याकडे राजदूत होती. एक गुरुजींची, आणि एक पोस्टमनची. तिघींच्या घरी चाक होतं. बाकीच्या सहा जणींत एक अशी होती, की चौथीच्या स्कॉलरशिपला आमच्या शाळेतून बसलो ते चार आणि पास झाली ती एकटी. ती मी नव्हे. मला भागाकार तिनं शिकवला, शाळेमागच्या पायरीवर, पाटीवर थुंकी लावून पुसत. जूनमध्ये मी नवा पेन दाखवायला तिच्या दारात गेले तेव्हा ती शेण गोळा करून आली होती. हात मागं धरून तिनं लांबूनच पेन पाहिला. "शाई गळती का गं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "नाही." गळत होती. कशी कोण जाणे, पण तेव्हा मला खोटं बोलावंसं वाटलं.

नऊ वर्षांनी, १९९६ मध्ये, सावित्रीबाई फुल्यांच्या नावानं शिष्यवृत्ती निघाली : मागास वर्गातल्या मुलींना पाचवी ते सातवी महिना ६० रुपये. पाचवीपासून. म्हणजे पोरी नेमक्या कुठल्या पायरीवरून घसरतात हे मंत्रालयात कुणाला तरी ठाऊक होतं. पुढं खेड्यातल्या पाचवीपासूनच्या मुलींना एसटीचा पास फुकट झाला. आता वरच्या प्राथमिकची शाळा तीन किलोमीटरच्या आत हवी असं नियमात आहे. आमची चारावर होती. आणि मी एप्रिलमध्ये त्या सभागृहात पालकांना काय सांगत होते? मुलाची मानसिक तयारी करून घ्या. तिची मानसिक तयारी तर माझ्यापेक्षा जास्त होती.

"हॅलो?" आई म्हणाली. "हाईस का?"

"आहे."

"पोरगं काय म्हणतंय पाचवीत?"

मी सांगितलं. रसवंतीचा कोपरा, हसणारी मुलं, सगळं. हेल्मेटचं सोडून. जरा रडवेल्या आवाजातच सांगितलं असावं, कारण आई हसायलाच लागली.

"आगं, तू काय वेगळं केलंस? तुला पोरं 'रजिस्टर पार्सल आलं' म्हणायची. पोस्टाची पिशवी न् तू. तू घरी येऊन रडलीस, म्हणालीस मला शाळेच्या दारात सोडू नका, चिंचेपाशी उतरवा. मग हे चिंचेपाशी उतरवायला लागले."

चिंच आठवली. बाकी काहीच आठवेना.

"मग?"

"मग काय. तू आत जाईस्तवर हे चिंचेमागं उभं. सायकल आडवी धरून. तिकडं पोस्टमास्तर बोलायचा, रोज दहा मिनिटं उशीर कशापायी म्हणून. हे म्हणायचे, चेन पडली. सा म्हैने चेनच पडत हुती त्या सायकलची. शेवटी त्या मास्तरनं पदरच्या पैशानं नवी चेन आणून दिली म्हण."

हे अण्णांनी मला कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नव्हतं. आता विचारायला अण्णा नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून मी चिरंजिवांना रसवंतीपाशी उतरवते. हेल्मेटची काच खालीच ठेवते. तो उतरतो, दप्तर लावतो, ओळख नसल्यासारखा चालू लागतो. मी स्कूटर वळवते. कोपऱ्यावर एक भाजीवाल्या मावशी बसतात. त्यांच्या हातगाडीच्या छत्रीखालून शाळेचं फाटक स्वच्छ दिसतं. पण नुसतं उभं कसं राहणार? काहीतरी घ्यावं लागतं. सकाळी सात वाजता त्यांच्याकडे कोथिंबीर तेवढी आलेली असते.

आज शुक्रवार. फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या चार जुड्या आहेत. नवऱ्यानं परवा विचारलं, हे काय चाललंय. मी म्हटलं, चेन पडली होती.